दोन फूट काळी माती

साइटवर माझ्याइतका खाष्ट मुकादम दुसरा नाही, असं गवंडीच म्हणतात. ताईच्या चिंचेला कुणी एक खिळा जरी ठोकला, तर त्याचा हात मोडीन, असा मी पहिल्याच दिवशी दम भरला होता. माझ्या थोरल्या बहिणीनं घराची जागा बिल्डरला दिली ती एकाच अटीवर, की अंगणातली चिंच जगली पाहिजे. आणि चिंचेची जबाबदारी माझी.

मी कुठं कमी पडलो? बुंध्याला गोणपाट गुंडाळलं, भोवती पत्रे ठोकले. जोत्याची उंची वाढली, तेव्हा चिंच खड्ड्यात राहू नये म्हणून दोन फूट भर घातली. तीसुद्धा मुरमाची नाही, चाळलेल्या काळ्या मातीची. वरून स्वतः धुमसानं चोपली. पोटच्या पोराचे करावेत तसे लाड केले मी तिचे.

इमारत उभी राहिली आणि चिंचेची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी झाडांच्या जाणकार बाईंना बोलावलं. त्यांनी खुरप्यानं बुंध्यालगत उकरलं. काळी, ओली साल लगद्यासारखी हातात आली. कुबट वास सुटला.

"ही माती कुणी टाकली?"

"मीच!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मुळांना हवा लागते, मुकादम. तुम्ही झाड गळ्यापर्यंत पुरलंत. साल तीन बाजूंनी कुजलीय. आता माती काढली तरी वाचेल असं वाटत नाही."

मी मटकन खाली बसलो. जन्मभर लोकांवर डाफरलो, आता डाफरायचं कुणावर?

ताई मागेच उभी होती. तिनं जमिनीकडे बोट दाखवलं. "इथं वर आलेली मुळी होती. भाजी निवडायला मी तिच्यावर बसायचे. ती गाडली गेली तेव्हाच मला कसंतरी झालं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू माती चाळत बसला होतास. इतकं जीव लावून काही करताना तुला कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, कशाला मोडता घालू?"

मी बाईंच्या हातातलं खुरपं हिसकावलं आणि तिथंच खणायला लागलो. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा ताईची मुळी लागली. मी ती चाचपली. बोट सरळ आत गेलं.