काळ्या पट्टीच्या पलीकडे

मित्रांनो, पोहायला शिकताना हातांत धरतात ना, तशी मी एक जुनी निळी फळी आहे. कारखान्यातल्या गरम साच्यात माझा जन्म झाला आणि एका खोक्यातून आम्ही वीस बहिणी या तरणतलावावर आलो. वजनाने मी पातळशा वहीएवढी, पण मोठ्या माणसालाही पाण्यावर अलगद धरते.

माझी उमेदीची वर्षं पोराटोरांत गेली. कुणी मला चावलं, कुणी माझ्यावर बसलं. एका पठ्ठ्याने तर शिकवणी चुकवायला मला कपाटामागे दडवलं होतं. पण मला आठवतात त्या शिवणकाम करणाऱ्या मावशी.

वय पन्नाशीला टेकलेलं. मशीन चालवून गुडघे धरलेले. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून लेक त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. लहानपणी मावशी नदीत घसरल्या होत्या, भावाने वेणीला धरून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून त्यांनी पाण्याचं नावच टाकलं होतं.

"मी उथळ पाण्यात नुसती चालेन," त्या शिकवणाऱ्या बाईंना म्हणाल्या.

बाईंनी मला त्यांच्या हातांत दिलं. मावशींनी मला इतकं घट्ट आवळलं की माझा श्वास कोंडला. तरी महिन्याभरात त्या माझ्या आधाराने पाय मारू लागल्या. मात्र तलावाच्या तळाशी एक काळी पट्टी होती. तिथून पाणी खोल होत जायचं. पट्टी दिसली की मावशी मागे वळायच्या. असे चार महिने गेले.

एके सकाळी त्या काठाला आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "मावशी, आज सतरा फेऱ्या झाल्या. मी मोजत होते. तुम्ही एकदाही पाय टेकला नाहीत."

"बरं मग?"

"मग खाली तळ किती खोल आहे, याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

मावशी पायरीवर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "खरंच की. मी उगाच त्याच्यावर लक्ष ठेवून होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पट्टी ओलांडली. पण मधोमध मावशींनी खाली पाहिलं, घाबरल्या, नाकातोंडात पाणी गेलं. बाईंनी त्यांना काठाशी आणलं. पुढे आठवडाभर फिरकल्याच नाहीत. मी फडताळात पडून वाट पाहत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

आठव्या दिवशी त्या आल्या. "कपडा अर्धवट शिवून ठेवायची मला सवय नाही," एवढंच म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.

त्यानंतर त्यांनी जी मेहनत घेतली, ती मी जवळून पाहिली आहे. दुकान उघडण्याआधी रोज एक तास. आधी मला दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने. एके दिवशी त्यांनी मला काठावर ठेवलं आणि एकट्याच निघाल्या. धरायला कुणी नसताना काय करावं, हे मला क्षणभर सुचेना.

पुढच्या महिन्यात चाळिशीपुढच्या बायकांची पन्नास मीटरची शर्यत होती. मी लेकीच्या मांडीवर होते. पट्टीपाशी मावशींचे हात एकदा अडखळले. लेकीची बोटं माझ्यात रुतली. मग ते हात पुन्हा चालू लागले, संथ, एकसारखे, शिवणीच्या टाक्यांसारखे. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा लेक रडत होती.

"कितवी आले?" धापा टाकत मावशींनी विचारलं.

"चौथी," बाई म्हणाल्या.

"पाच जणींत?"

"हो."

"म्हणजे एक अजून मागे आहे. मला काय बघताय, तिला हाका मारा."

मित्रांनो, आता माझ्या कडा झिजल्या आहेत, रंगही विटला आहे. तरी मी समाधानी आहे. मावशींना पाण्याने कधीच अडवलं नव्हतं. त्या स्वतःच थांबत होत्या, आणि पुढेही स्वतःच्याच कष्टाने गेल्या. मी फक्त थोडा वेळ सोबत केली.

तुमच्याकडे माझी एवढीच विनंती आहे. काम झालं की मला स्वच्छ पाण्याने विसळा आणि सावलीत ठेवा, उन्हात माझी पाठ तडकते. उद्या आणखी कुणीतरी भीत भीत पायऱ्या उतरेल. त्याच्या हाती मी धड असायला हवी.