मोत्याचा खुंटा

जगदेवची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकली, तेव्हा रुखमाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

गोष्ट वाईट नव्हती. उलट अनसिंगमध्ये तशी गोष्ट सांगणारा दुसरा कोणी नव्हताच. इटली नावाचा देश समुद्रात पाय सोडून बसल्यासारखा आहे, आणि त्याच्या किनाऱ्यावर नेपल्स नावाचं मोठं शहर आहे. लढाईच्या दिवसांत जगदेव तिथं खेचरांच्या पलटणीत होता. एके दिवशी सुट्टी मिळाली, तेव्हा एका म्हाताऱ्या वाटाड्यानं काठीला तांबडा रुमाल बांधून, "चलो, चलो" करत, शिपायांना दिवसभर ते शहर फिरवून दाखवलं. आधी बंदर, मग समुद्राला खेटून असलेला किल्ला, मग चांदीचे डोळे अन् हातपाय टांगलेलं देऊळ, मग शेवयांची गल्ली, आणि शेवटी टेकडीवरून दिसणारा धुराचा डोंगर. त्याच साली तो डोंगर पेटला होता अन् त्याची राख लोकांच्या छपरांवर पडली होती.

ऐकणारे तोंडात बोट घालत. रुखमाबाईला मात्र वेगळंच खटकलं. पहिल्यांदा जे शब्द होते, तेच दुसऱ्यांदा होते, आणि तेच तिसऱ्यांदा. वाटाड्या खोकला तर त्याच जागी खोकला.

"खरं पाह्यलेला माणूस सांगताना अडखळते," ती आपल्या भावाला, रामरावला म्हणाली. "मागं जाते, पुढं येते, 'अरे, ते राह्यलंच' म्हणते. याचं तं आरतीवानी पाठ हाय."

"पाठ हाय तं काय झालं?" रामराव म्हणाला. "हुशार हाय पोरगा. धनज गावाले दोन बैलांची शेती हाय, दारू नाई, बिडी नाई. तुले आनखी काय पाह्यजे वो?"

रुखमाबाईला काय पाहिजे होतं ते रामरावला माहीत होतं. तो मुद्दामच बोलत नव्हता. पाच वर्षांपूर्वी मोठी लेक प्रयाग हिला असंच एक गोडबोलं स्थळ आलं होतं. रेल्वेत नोकरी, मोठमोठ्या स्टेशनांच्या गोष्टी. लग्न झाल्यावर कळलं की नोकरी नाही, आणि घरात आधीची बायको अन् तीन लेकरं आहेत. प्रयाग वर्षाच्या आत परत आली ती आलीच. आता धाकटी तुळसा लग्नाची झाली होती, आणि तिला जगदेवचं स्थळ आलं होतं. बाप नव्हता, तेव्हा हो की नाही ते रुखमाबाईनंच म्हणायचं होतं, आणि म्हणायचं ते साक्षगंधाच्या आधी. एकदा कपाळाला गंध लागलं की मग लेक परक्याची.

म्हणून साक्षगंधाची तिथी धरायला जगदेव आला, तेव्हा रुखमाबाईनं त्याला बैठकीत बसवलं नाही. अंगणातच घोंगडी टाकली. वैशाखाचे दिवस होते. दोन खाटांच्या मध्ये काठ्या आडव्या ठेवून त्यांवर शेवया वाळत घातल्या होत्या. प्रयाग पाटावर नवीन शेवया ओढत होती. तुळसा आत चुलीपाशी होती, पण भांड्याचा आवाज मुळीच येत नव्हता, म्हणजे कान बाहेरच होते.

"बसा पाहुणे," रुखमाबाई म्हणाली. "आमच्या प्रयागनं तुमची ती शेवयाची गल्ली ऐकली नाई. सांगा बरं तिले."

जगदेव हसला. लांब हातापायांचा, उन्हानं रापलेला माणूस. त्यानं घसा साफ केला. "गल्लीत दोन्ही बाजूनं उंच उंच घरं. या घरून त्या घरी दोऱ्या, दोऱ्यांवर धुणं. खाली काठ्यांवर शेवया. लढाईच्या आधी सारी गल्ली शेवयानं भरून राहे, आता एकाच घरापुढं होत्या. आन् त्या माणसं करत होते, बाया नाई."

"माणसं?" प्रयागचे हात थांबले. "मिशा असलेले?"

"मिशा असलेले."

"अगं माय!" प्रयाग खुदकन हसली. परत आल्यापासून ती फारशी हसत नसे.

रुखमाबाई हसली नाही. "चांगल्या वाळल्या होत्या काय?"

"एकदम वाळल्या होत्या, मावशी."

"मंग आवाज कसा येत होता?"

"कायचा आवाज?"

"शेवयाचा. वारा असन ना समुद्राचा?"

जगदेवनं रामरावकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "आवाज... तसा काई ध्यानात नाई."

वैशाखात वारा पडलेला होता. काठ्यांवरच्या शेवया निमूट लोंबत होत्या. ज्या बाईनं जन्मभर शेवया वाळवल्या, तिला त्यांचा आवाज सांगावा लागत नाही. पण जो पाहिलंय म्हणतो, त्याला तो आठवत नव्हता. रुखमाबाईनं पदर कमरेला खोचला.

"बरं, ते राहू द्या. टेकडीवरून मागं फिरा. गल्लीतून देवळात, देवळातून किल्ल्यावर. कसे याल? उलटं सांगा."

"ताई, काय लावलं हे?" रामराव चुळबुळला.

"मले पाह्याचं हाय शहर. नुसतं मुळाकडूनच काहून पाहू, शेंड्याकडूनही पाहू दे."

जगदेवनं डोळे मिटले. हात पुढे करून तो हवेत वाट काढू लागला. बोटं अशी वळत होती जणू अंधारात गोठ्यातून चालला आहे. "टेकडीवरून खाली उतरलं... मंग गल्ली... गल्लीतून निंगालं का मोत्याच्या खुंट्यापासी उजव्या हाताले वळाचं, मंग..."

तो थांबला. डोळे उघडले.

"मोती कोन?" रुखमाबाईनं विचारलं.

"खेचर होतं आमचं. पांढऱ्या पायाचं."

"आन् ते भर शहरात बांधलं होतं? देवळाच्या आन् गल्लीच्या मंधात?"

प्रयागनं पाटावरचे हात काढून घेतले.

"मले ते सांगता येत नाई, मावशी."

"सांगता येत नाई, का सांगाचं नाई?"

"सांगाचं नाई," तो म्हणाला. त्यानं टोपी उचलली, रामरावला रामराम केला, आणि तुळसानं मांडलेला चहा न घेताच फाटकाबाहेर पडला.

रामराव भडकला. "पाहुण्याले असं कोनी इचारते? कोर्टात हाय का तू?"

"प्रयागच्या वेळी कोर्टावानी इचारलं असतं, तं आज ती अथी बसून शेवया ओढत नसती," रुखमाबाई म्हणाली.

पण रुखमाबाईच्या जिवालाही चैन नव्हती. खोटं सापडलं, हे खरं. पण खोटारडा माणूस सापडल्यावर दुसरं खोटं काढतो. प्रयागच्या नवऱ्याकडं तर एकावर एक तयार असायची. हा नुसता उठून गेला. का गेला? मोत्याच्या खुंट्याआड काय दडवलं होतं त्यानं? पलटणीतून पळून आलेला तर नसेल? की इटलीला गेलाच नसेल?

गोष्टीत एक नाव नेहमी येई. "मी आन् खेमा." हा खेमा अनसिंगच्या पलीकडच्या तांड्यातला. लढाईतून परत आला नाही. त्याची आई गोमतीबाई बाजाराच्या दिवशी डिंक अन् चारोळी विकायला येई. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आधी रुखमाबाईनं टोपलीत शेवया घेतल्या, प्रयागला सोबत घेतलं आणि तांड्याची वाट धरली.

"तिले काय इचारशीन, माय?" प्रयागनं विचारलं.

"काईच नाई. तिलेच बोलू देतो. जगदेव आन् ती मिळून असले, तं तेही समजन."

गोमतीबाई दारात बकरीला पाला घालत होती. हातात कोपरापर्यंत बांगड्या, अंगात आरशांची चोळी, केस सगळे पांढरे. शेवया पाहून ती खूश झाली. जगदेवचं नाव रुखमाबाईनं काढलंच नाही.

"तुमचा खेमा ते समुद्राकाठचं शहर पाहून आला होता म्हन्तात," ती सहज बोलल्यासारखं म्हणाली. "कसं होतं?"

म्हातारीचे डोळे चमकले. तिनं पाला टाकला अन् रुखमाबाईचं मनगट धरलं. "सांगून काय समजते? चाल, दाखवतो तुले."

आणि ती दोघींना तांड्यातून फिरवू लागली. दगडी कुंडीपाशी थांबली. "हे बंदर. अथी बुडलेली जहाजं, नुसत्या डोलकाठ्या वरती." म्हशीच्या खुंट्यापाशी थांबली. "हा किल्ला. हात लावून पाह्य, गार हाय. खेमानं लावला होता." लिंबाखाली आली. "हे देऊळ. देवीच्या मांडीवर लेकरू. भोवती चांदीचे डोळे, चांदीचे पाय. आपन नाई का वाहत देवीले, तसेच." मग ज्या खुंट्याला बकरी बांधली होती, तिथं परत येऊन ती डावीकडं वळली. "आन् मोत्याच्या खुंट्यापासून अशी गल्ली..."

"थांबा," रुखमाबाई म्हणाली. "त्या शहरात मोती कोठून आला?"

गोमतीबाई थांबली. तिनं मनगट सोडलं आणि रुखमाबाईकडं नीट पाहिलं. "मोत्याचं तू काहून इचारतं? तूच काय तुळसाची माय?"

आता लपवून उपयोग नव्हता. "व्हय. मीच."

"काल आला होता जगदेव. जेवला नाई. सोयरीक मोडली म्हने. काहून मोडली ते बोलला नाई." म्हातारी लिंबाच्या पारावर बसली. "मोत्याचं नाव निंगालं असन तोंडून. तुनं लय पिळलं वाटते त्याले."

"पिळलं. माही पोट्टी हाय."

"बराबर हाय तुहं." गोमतीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आयक मंग. सुट्टीच्या दिवशी मोत्याचं पोट फुगलं होतं. कोनीतरी राह्याले पाह्यजे होतं. जगदेव राह्यला, खेमा गेला. सांजच्याले खेमा आला, पाह्यते तं जगदेव तोंड पाडून बसलेला. खेमा म्हने, ऊठ, तुले फिरवतो. खेचरांच्या रांगेतून त्यानं त्याले सारं शहर दाखवलं. या खुंट्यापासी किल्ला, त्या खुंट्यापासी देऊळ. मंग पुढं एका नदीवरच्या लढाईत खेमा गेला."

"म्हंजे जगदेवनं ते शहर पाह्यलंच नाई?" प्रयाग म्हणाली.

"एवढंही नाई." म्हातारीनं नख दाखवलं.

"आन् दुनियेले सांगते, गेलो होतो म्हनून!" रुखमाबाई उसळली.

"मी सांगाले लावलं." गोमतीबाईचा आवाज चढला नाही. "पह्यल्यांदा आला तवा खरंच बोलला होता तो. पन मले डोयापुढं एकच दिसे. एवढं मोठं शहर, आन् माहा खेमा एकटा फिरून राह्यला. जत्रेत म्या त्याचा हात कधी सोडला नव्हता. मंग म्याच म्हटलं, बेटा, तू संग होता असं सांग. मले सांग, सगळ्याइले सांग. लोकाइच्या तोंडून उलटं माह्या कानी येऊ नाई. एक शबुद इकडचा तिकडं झाला तं मी भांडतो त्याच्यासंग."

"मंग मले काहून सांगितलं आज?"

"त्यानं नाई सांगितलं म्हनून," म्हातारी म्हणाली, आणि उठून बकरीकडं गेली.

परतताना ऊन तापलं होतं. रुखमाबाई भरभर चालत होती. मागून येता येता प्रयाग बोलली.

"माह्यावाला खोटं बोलून मले घेऊन गेला, माय. हा खोटं सोडत नाई म्हनून तुळसाले सोडून चालला."

"दोघांनी मिळून रचलं नसन कशावरून?" रुखमाबाई म्हणाली. पण चाल मंदावली. रचायचं असतं तर काल अंगणातच रचलं असतं. तरीही पोळलेलं मन ते, एकदम कसं मानेल? एक गोष्ट अजून विचारायची राहिली होती.

रामरावकरवी निरोप गेला. जगदेव आला तो अंग चोरतच. घोंगडी तिथंच होती, शेवयाही. आज वारा सुटला होता.

"शहराचं काई इचारत नाई," रुखमाबाई म्हणाली. "मोत्याचं पोट फुगलं होतं म्हन्तात. काय केलं मंग?"

जगदेवनं चमकून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला काय समजायचं ते समजलं. तांड्याचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

"पह्यले त्याले फिरवलं," तो म्हणाला. "नाई, थांबा. पह्यले तं ते खालीच बसलं, उठेचना. शेपटीपासून मी लोटलं, तं लात हानली अथी, मांडीवर. मंग तेल पाजलं. तेल कोठून आनलं... हां, ते राह्यलंच. मुदपाकखान्यातून चोरलं. जवसाचं... नाई हो, सरकीचंही नव्हतं, कायचं तरी वेगळंच होतं, वास अजून नाकात हाय, हिरव्या फळाच्या लोनच्यावानी. अर्धं माह्या बाहीत सांडलं. दुपारी त्याचं पोट असं वाजलं का मले वाटलं तोफच..."

प्रयाग हसत सुटली. आतून एक भांडं पडलं. जगदेव मागं जात होता, पुढं येत होता, नावं विसरत होता, मांडी चोळत होता. गोष्ट कुठंच धड चालत नव्हती. रुखमाबाई ऐकत राहिली. तिच्या कपाळावरची आठी कधी गेली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"तुळसा," तिनं आत हाक दिली, "चहा ठेवू नको. शेवया शिजव. दुधातल्या."

रामरावनं सुटकेचा श्वास टाकला. मुलीकडच्यांनी पाहुण्याला गोड वाढलं, की मग वेगळा होकार सांगावा लागत नाही.

वाऱ्याची एक झुळूक आली. काठ्यांवरच्या वाळक्या शेवया एकमेकींवर आपटल्या आणि बारीक, काचेसारखी किणकिण अंगणभर झाली. जगदेवनं मान वळवली. तो ऐकतच राहिला.

"असा आवाज येते काय!" तो हळूच म्हणाला. "गोमतीमायले सांगतो आता. गल्लीत हा आवाज होता म्हनून."

"खबरदार!" रुखमाबाई म्हणाली. "त्या म्हातारीच्या गोष्टीत एक शबुद घालू नको."