महादेवाला विचारून

चुडाव्याच्या सूर्यभानच्या डोक्यात नीलकंठ शिखर शिरलं ते बापाच्या अस्थी गंगेत सोडायला गेला तेव्हा. हरिद्वारचं काम आटोपल्यावर सोबतची मंडळी बद्रीनाथला निघाली, हाही त्यांच्या मागं चालत राहिला. तिथं एका सकाळी ढग सरकले आणि देवळाच्या मागं टोकदार, पांढराशुभ्र डोंगर उभा दिसला. परभणीकडच्या सपाट काळ्या रानात वाढलेला हा गडी. कडब्याच्या गंजीपेक्षा उंच कशावर चढलेला नव्हता. त्यानं चहावाल्याला विचारलं, वर कोण गेलंय? कोणीच नाही, चहावाला म्हणाला.

बस्स. सूर्यभान घरी आला तो बेत घेऊनच.

मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. "आपण हैदराबादचे मुंबईचे झालो, ह्यो तर थेट हिमालयाचाच व्हायलाय," पारावरची माणसं हसायची. सूर्यभानही त्यांच्यासोबत हसून घ्यायचा. रब्बी घरात आली की निघायचं आणि मृगाच्या आत परत यायचं, एवढं त्याचं पक्कं होतं.

त्याचा लहानपणचा दोस्त मुंजाजी गावच्या स्टेशनात रूळ बदलणारा पॉइंटमन होता.

"वर कुणीच गेलं न्हाई म्हंजी वाट तरी कुणाला इचारणार?" मुंजाजी म्हणाला.

"वाट न्हाई म्हनूनच जायचं, गड्या."

"मंग मी बी येतो. तुला एकट्याला वर ओढून कोण काढंल?"

सराव मळ्यातल्या विहिरीत सुरू झाला. मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, सूर्यभानच्या कमरेला, दुसरं टोक लिंबाच्या खोडाला वेढे देऊन मुंजाजीच्या हातात. सूर्यभान दगडांच्या खाचांत बोटं रुतवत वर यायचा. पहिले काही दिवस तो भिंतीवर कमी आणि पाण्यात जास्त होता. बायको छबूबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा काठावरून खाली वाकून म्हणाली, "आवं, डोंगर चढायचाय का मासे धरायचेत?"

मग थंडीची तयारी. मुंजाजीनं पूर्णा जंक्शनवरून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली. तिच्यावर सूर्यभान अनवाणी उभा राहिला. वर चैत्राचं ऊन. लादीच आधी हरली. उरलेला बर्फ गावानं गूळपाण्यात घालून पिऊन टाकला.

महिनाभरात सूर्यभान विहिरीतून सरसर वर येऊ लागला. शेवटी त्यानं लोहाराकडून जुन्या बुटांना खिळे ठोकून आणले आणि ओसरीवर ठेवले. त्याची आई बायनाबाई तिथंच डाळ निवडत बसली होती. इतके दिवस ती या सगळ्यावर काही बोलली नव्हती.

"हे खिळे कशाला रं?"

"बर्फात पाय घसरू नये म्हनून, माय."

"डोंगराचं नाव काय म्हन्लास?"

"नीलकंठ."

"म्हंजी महादेव. अन् तू त्याच्या डोक्यावर खिळ्याचे बूट घालून चढायलास?"

हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं. तो कसाबसा म्हणाला, "माय, त्यो डोंगर हाय. नाव काय, नुसतं असतंय."

"तुजं बी नुसतंच हाय व्हय? मंग सूर्यभान म्हन्लं की वळून कामून बघतोस?"

त्या दिवसापासून सूर्यभान विहिरीकडे गेला नाही. बूट काढून चढू, असं मुंजाजीनं सुचवलं. बोटं गळून पडतील, सूर्यभान म्हणाला. त्याचं जेवणावरून मन उडालं. ते बघून बायनाबाईलाच राहवेना.

"मी येते. मीच इचारते त्याला. जा म्हन्ला तर जा."

"अन् न्हाई म्हन्ला तर, मावशी?" मुंजाजीनं विचारलं.

"तर दर्शन घिऊन घरी."

"तुला एवढं चालवंल का, माय?" सूर्यभान म्हणाला.

"तुज्या बापाच्या औतामागं जलमभर चालले, अन् मला इचारायलास!"

छबूबाईनं तिघांपुरत्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. घोंगड्यांची वळकटी बांधताना ती हळूच म्हणाली, "तितं नाडा बांधायला लिंब असंल का?"

"मुंजाजी धरंल की."

"अन् मुंजाजीला?"

सूर्यभाननं वळकटीची गाठ उगाच पुन्हा आवळली.

बद्रीनाथला पोचले तर सगळीकडं धुकं. बायनाबाई रोज घोंगडी पांघरून देवळाबाहेर बसायची, शिखर काही दिसायचं नाही. सूर्यभानचा जीव मृगाकडं लागलेला. अखेर एका दुपारी ढग फाटले. म्हातारी हात जोडून कितीतरी वेळ वर बघत राहिली.

"काय म्हन्ला, माय?"

"जा म्हन्ला. पर टोकावर पाय द्यायचा न्हाई. दोन हात अलीकडंच थांबायचं."

दोघं पहाटे निघाले. कुरणं संपली, धोंडे संपले, बर्फ लागला. पुढं दगडाची आणि बर्फाची सरळ भिंत. मुंजाजीनं एका धोंड्याला नाडा गुंडाळला आणि सूर्यभान चढला. विहिरीच्या कितीतरी पट वर गेला. तिथून मान वर केली तर शिखर होतं तेवढंच लांब. वर कुठंतरी बर्फ कोसळल्याचा आवाज झाला. भिंत थरथरली. त्यानं बर्फाला कपाळ टेकवलं आणि सावकाश खाली उतरला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण आतून हसूच येत होतं.

"किती राहिलं रं?" खाली देवळापाशी बायनाबाईनं विचारलं.

"लय राहिलं, माय. पावभर बी झालं न्हाई."

"वाटलंच. जा म्हन्ला तवा त्यो हसायलाच व्हता."

मृगाच्या तोंडावर गाडी चुडाव्याला थांबली. छबूबाई स्टेशनात आली होती. तिनं आधी सूर्यभानच्या हातापायाची बोटं नीट बघितली, मगच विचारलं, "केवढा उंच हाय त्यो?"

सूर्यभाननं दाखवायला काही सापडतंय का म्हणून चारी बाजूंनी बघितलं. सिग्नलचा खांब होता, चिंच होती, बाकी रिकामं आभाळ.

"हितं दाखवण्याजोगं काय न्हाई," तो म्हणाला. "पुढच्या साली तूच चल."

"अन् बैलं कोण बघंल?" ती म्हणाली. पण वेशीपर्यंत येईतो, बैलं आपला भाऊ सांभाळील, हे तिनंच सांगून टाकलं.