दुसऱ्या बेसचा पट्टेरी सदरा

मित्रांनो, पेटीच्या तळाशी पडलेला हा रेशमी सदरा म्हणजे मी. माझ्या अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे आहेत. हसू आले ना? हसा. ओहायोतले एक अख्खे गाव मला हसले आहे.

१८८२ साली बेसबॉलच्या मोठ्या मंडळींनी फर्मान काढले, की सदऱ्याचा रंग संघावरून नव्हे, तर खेळाडूच्या जागेवरून ठरेल. म्हणजे दुसऱ्या बेसवर, धावणाऱ्याने गाठायच्या चार ठाण्यांपैकी दुसऱ्यावर, खेळणारा, मग तो कोणत्याही संघाचा असो, नारिंगी-काळा! संघ ओळखायचा फक्त मोज्यांवरून.

मी फर्गस डुलिनच्या वाट्याला आलो. फर्गस अंगाने भरलेला, स्वभावाने लाजाळू. मला घालून तो आईसमोर उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "फर्ग्या, तुला सर्कशीत घेतलं की काय रे?"

मैदानावर लोक ओरडले, "गांधीलमाशी आली, पळा!" बिचारा घामाने चिंब झाला. रेशमात वारा कुठून शिरणार?

आमचा संघ सारखा हरत होता आणि फर्गसच्या हातून झेल सुटत होते. शेजारच्या गावाशी सामना होता, त्या दिवशी कप्तान क्रेमरने बजावले, "आज घोळ घातलास, तर उद्यापासून खाटकाच्या दुकानात मांस तोडायला जा."

घोळ घातला तो आमच्या एझ्राने. त्याने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसवर पट्टे पाहिले आणि फेकला. पण ते पट्टे होते धावत आलेल्या व्हिटकमचे, म्हणजे शत्रूच्या दुसऱ्या बेसवाल्याचे! व्हिटकम अलगद बाजूला झाला आणि म्हणाला, "उपकार झाले, दादा!" चेंडू कुंपणापर्यंत गेला. त्यांच्या दोन धावा झाल्या.

"डोळे आहेत की बटणं?" कप्तान किंचाळला. "मोजे बघायचे!"

"काय बघू?" एझ्रा म्हणाला. "दोघांच्याही मोज्यांवर सारखाच चिखल!"

आम्ही कशीबशी बरोबरी साधली. शेवटी फर्गस धावत सुटला आणि दोन बेसच्या मधेच अडकला. आता तो बाद होणार आणि त्याची संघातली नोकरीही जाणार, असे मला वाटले. तेवढ्यात समोरच्या गड्याने पट्टे पाहिले आणि व्हिटकम समजून चेंडू थेट फर्गसकडेच फेकला!

फर्गस झटकन वाकला. टर्र! मी मानेपासून कमरेपर्यंत फाटलो. चेंडू वरून निघून सरबतवाल्याच्या गाड्याखाली शिरला. तिघेजण पालथे पडून तो शोधत राहिले आणि फर्गस, पाठीवर माझ्या दोन चिंध्या फडफडवत, 'घरी', म्हणजे धाव पुरी होते त्या शेवटच्या ठाण्यावर, पोहोचला. आम्ही जिंकलो! गाव पुन्हा हसले, पण या वेळी त्याला खांद्यावर घेऊन.

पुढे ते फर्मान मागे घेतले गेले. आमच्या संघात सर्वांना पांढरे सदरे मिळाले. कप्तान म्हणाला, "ही चिंधी बॅटी पुसायला टाक."

"हात लावू नका, कप्तान," लाजाळू फर्गस पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "तो माझा आहे."

त्याच्या आईने मला हिरव्या दोऱ्याने शिवले, कारण घरात दुसरा दोरा नव्हता. आता कसर लागली आहे आणि मला कोणी घालत नाही. तरी मित्रांनो, जुन्या कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवा. आणि कोणाचे पट्टे पाहून हसू आले तर खुशाल हसा. पण चेंडू फेकण्यापूर्वी वर चेहरा कोणाचा आहे, तेवढे बघा.