अंगावरचं दूध

मानेवरच्या गाठी लोटूने बरेच दिवस रुमालाखाली झाकल्या. प्लेगला दोनच वर्षं झाली होती. सुरतेत अजूनही गाठ म्हटलं की माणसं लांब सरकायची, आणि उधन्याच्या कापडाच्या लूमवर कुणी पाहिलं असतं तर काम गेलंच असतं. मग कुणीतरी टीबीच्या गोळ्या दिल्या, अंगावरच्या चट्ट्यांना नायट्याचं मलम दिलं. आमच्या दवाखान्यात आला तेव्हा त्याला धड उभंही राहवत नव्हतं.

त्याच्या रक्ताची स्लाइड मी पाहिली. पेशींची केंद्रकं पाकळ्या पाकळ्यांची दिसत होती. कॅल्शियम भलतंच वाढलेलं. असलं मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. मुंबईहून तपासणीचं उत्तर आलं आणि शंका खरी ठरली. एका विषाणूमुळे होणारा रक्ताचा कर्करोग. हा विषाणू बहुतेकदा तान्हेपणी आईच्या दुधातून येतो आणि अनेक वर्षं गुपचूप पडून राहतो. लोटूच्या बायकोचं, मंगलाबाईचं, रक्त तपासलं. नवऱ्याकडून तिच्यातही तो आला होता.

इथे मराठी डॉक्टर मी एकटीच. आजार ओळखायचा मी, आणि पेशंट खानदेशी असला की घरच्यांना सांगायचाही मीच. खरं सांगते, वीट आलाय मला या कामाचा.

मंगलाबाई तान्ह्या सोनालीला पदराखाली घेऊन माझ्यासमोर बसली. शेजारी सासू, सुभद्राबाई. लोटू आता फार दिवस काढणार नाही, हे मी सांगितलं. दोघी खाली बघत राहिल्या. त्यांना ते आधीच कळलं असावं.

"आणि मंगलाबाई, पोरीला आजपासून अंगावर पाजायचं नाही. वरचं दूध द्या."

सुभद्राबाई उसळली. "आसं कसं? वरीसबी व्हयनं नही पोरले! मना लोटूले मी चार वरीस पाजं. म्हनीसन दोन दोन पाळ्या करे तो!"

मंगलाबाईने माझ्याकडे बघितलंच नाही, सासूकडे बघितलं. माझ्या डिग्र्या गेल्या चुलीत. ही बाई घरी जाऊन पोरीला पाजणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. सासूने नको म्हटल्याशिवाय ती थांबणार नव्हती. आणि सासूला पटवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, जी मला तिला सांगायची नव्हती.

"हा रोग दुधातून जातो, आजी," मी म्हटलं.

"कोनाना दूधमाईन?"

"आईच्या."

तिने सुनेच्या पदराकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "मंग लोटूले... मनाच दूधमाईन?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण पोर पदराखाली चुटूचुटू पीत होती.

"बहुतेक," मी म्हटलं.

सुभद्राबाई उठून बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. मंगलाबाईला काय काय जपायचं ते सांगत मी बसले. पोरीचं रक्त पुढे तपासू, तिला लागण झालीच असेल असं नाही, हेही सांगितलं. तिने मान डोलावली, पण पदर तसाच राहिला.

सुभद्राबाई परत आली ती मुठीत आवारातल्या कडुलिंबाचा पाला घेऊन. दाराशी बसून तिने तो दगडाने ठेचला, चांगला चिकट होईपर्यंत. मग सुनेच्या पदराखाली हात घालून पोरीला सोडवलं आणि लगदा स्वतःच्या हाताने सुनेच्या छातीला लावला.

सोनालीने पुन्हा तोंड लावलं, वेडंवाकडं केलं आणि किंचाळायला लागली. सुभद्राबाईने तिला छातीशी धरलं.

"चार वरीस व्हयनात तरी तो सोडे नही," ती मला म्हणाली. "माले दया ये. तवयच निम लावाले पायजे व्हता."

"तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आजी," मी म्हटलं.

तिने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. पोर रडत होती आणि आजीच्या हिरव्या, कडू हाताचं बोट तोंडात घ्यायला धडपडत होती. सुभद्राबाई हात मागे घेत राहिली.