आतल्या खिशाचा किएकिए

मित्रांनो, मी टोंगा बेटांवरचा एक जुना किएकिए आहे. किएकिए म्हणजे बायकांनी कमरेला बांधायचा पट्टा. त्याला गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या विणलेल्या लड्या असतात. आमच्याकडे बाईने कमरेला काही न बांधता चर्चमध्ये जाणं म्हणजे चारचौघांत उघड्याने फिरणं. माझ्या देखणेपणाचं कौतुक पुष्कळ झालं. पण माझ्या आत एक खिसा आहे, त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माझी कहाणी त्या खिशाचीच आहे.

मला पिसिलाने केलं. केवड्याची पानं तिने उकळली, समुद्राच्या उथळ पाण्यात दगडाखाली भिजत ठेवली आणि पांढरीशुभ्र होईस्तोवर उन्हात वाळवली. तिच्या हातचे किएकिए लग्नांत मिरवायचे. पण मला तिने लग्नासाठी केलं नव्हतं. तिच्या आतड्यात वाईट गाठ निघाली होती. डॉक्टरांनी आतडं कापून पोटाच्या डाव्या बाजूला शौचाची वाट काढली आणि तिथे एक पिशवी चिकटवली. आता जन्मभर ती पिशवी तिच्या अंगावर राहणार होती. पट्टा बांधावा तर पिशवी दाबली जायची, न बांधावा तर घराबाहेर पडता यायचं नाही. पिसिला बरेच महिने घरात बसून राहिली. मग एक दिवस डोळे पुसून विणायला बसली.

पहिल्यांदा आमची फजिती झाली. हातांच्या सवयीने तिने माझी गाठ डावीकडे ठेवली. भजनाच्या ऐन रंगात पिशवी सुटली. पिसिला खाली मान घालून बाहेर पडली, आणि बायका म्हणाल्या, उन्हाने चक्कर आली असेल. घरी तिच्या नवऱ्याने, फेलेतीने, मला मागच्या दारी धुतलं. मला फार शरम वाटली. ज्याच्यासाठी जन्म घेतला तेच जमलं नाही, तर जगायचं कशाला?

पण पिसिलाने मला टाकलं नाही, उसवलं. गाठ उजवीकडे नेली. डावीकडे आतून मऊ सुती खिसा शिवला. पिशवीचा भार कातडीवर न येता माझ्यावर यायला लागला. खिशाला नारळाच्या करवंटीचं बटण लावलं आणि त्या बाजूच्या लड्या दाट केल्या. पुढच्या रविवारी ती प्रार्थना संपेपर्यंत उभी राहिली आणि बाहेर येऊन चुलतबहिणींबरोबर फिदीफिदी हसली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ तेवढाच.

फुसिपाला नावाची तिची आत्या मात्र घारीच्या नजरेची. ती म्हणाली, "काय गं, फेलेतीने तुझ्या कमरेत खजिना पुरलाय की काय? एवढ्या दाट लड्या!"

"तुम्हालाही असा करून देऊ का, आत्या?"

"माझी कमर राहू दे. ती आता शोधावी लागते."

हसण्यावारी गेलं. पिसिलाने आपलं दुखणं कोणाला कळू दिलं नव्हतं. पोटाचा आजार, एवढंच घरच्यांना ठाऊक होतं. फेलेतीला तिने बजावलं होतं, "कितिओनेच्या कानावर गेलं तर मी मेलेच म्हणून समज." कितिओने तिचा सख्खा भाऊ. आमच्यात भाऊ जवळ असला की बहिणीच्या शरीराबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. मलाही वाटायचं, मी सगळं कसं बेमालूम लपवलं. मला त्याचा गर्व होता.

दवाखान्यात पिसिलाला अकोसिता भेटली. ती बाजारात तारोचे, म्हणजे अळूचे, कंद विकायची. तिच्याही पोटावर तशीच पिशवी, आणि तिनेही घर धरलेलं. पिसिलाने मला सोडून तिच्या कमरेला बांधलं. खिडकीच्या काचेत ती कितीतरी वेळ स्वतःला बघत राहिली. बटण लावून बघितलं, काढून बघितलं.

"ताई, मी परत बाजारात बसू शकेन?"

"बसशील. आणि भावही चढवून सांगशील."

पिसिलाने सुतळीने तिचं माप घेतलं आणि माझा धाकटा भाऊ विणायला घेतला. पण पोटातली गाठ परत आली. बोटं सुजली, लडी हातातून निसटायला लागली. तो अर्धवटच राहिला. एके दुपारी ती फेलेतीला म्हणाली, "माझाच तिला देऊन टाक. मला आता जायचंय कुठे?" त्याच आठवड्यात ती गेली.

आमच्या रीतीत मयताच्या उशाशी आत्या बसते, आणि त्या दिवशी तिचा शब्द शेवटचा. चटया, झाडाच्या सालीचं कापड, काहीही मागावं. तिला नाही म्हणायचं नसतं. फुसिपाला आत्याने सगळ्या उंची चटया वाटून टाकल्या. स्वतःसाठी तिने एवढंच मागितलं, "पोरीच्या कमरेला असायचा तो किएकिए तेवढा मला द्या."

फेलेती पुढे सरकला. "आत्या, तो…"

"तो काय?"

दाराशी कितिओने गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. फेलेतीने त्याच्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, आज रीत मोड.

"तो धुवायचा राहिलाय," फेलेती म्हणाला.

"मी धुईन. माझी पोर होती ती."

नंतर फेलेती एकदा आत्याकडे आला होता. पण कितिओने राहायचा तिथेच. तिघं सुरणाच्या पिकाबद्दल बोलत बसले. चहा झाला आणि फेलेती उठला. पुढे तो न्यूझीलंडला फळबागांत कामाला गेला. माझ्या खिशाचं गुपित जाणणारा तोच एक होता, आणि ती अकोसिता.

आत्या मला जिवापाड जपते. ती मला फक्त रविवारी बांधते आणि खिशात रुमाल आणि पेपरमिंटच्या गोळ्या ठेवते. म्हणते, "पोर किती हुशार, गोळ्यांसाठी खिसा केलाय बघा." मला तिचा राग येत नाही. रडू येतं.

एका रविवारी बायका म्हणाल्या, ती तारोवाली अकोसिता दवाखान्यातून आल्यापासून तोंड दाखवत नाही, शेफारली असेल. आत्याने त्यांना झापलं. "गरीब आहे बिचारी, कमरेला धड काही नसेल." आणि प्रार्थनेनंतर एक नवाकोरा किएकिए घेऊन तिच्या घरी निघाली. गाडी कितिओनेने चालवली. मी आत्याच्या कमरेला होतो.

अकोसिता हाडकुळी झाली होती. पोटाशी उशी धरून बसली होती. तिने नवा किएकिए घेतला, आभार मानले. मग तिची नजर माझ्यावर पडली. करवंटीचं बटण तिने ओळखलं. तिचे ओठ हलले. तिने दाराशी उभ्या असलेल्या कितिओनेकडे पाहिलं, पिसिलाचा भाऊ तो, आणि मान खाली घातली.

"छान आहे," ती म्हणाली.

"माझ्या भाचीच्या हातचा," आत्या म्हणाली. खिशातून एक गोळी काढून तिने अकोसिताच्या हातावर ठेवली. "आता यायचं हं चर्चला. कारण सांगायचं नाही."

ती आली नाही. नव्या किएकिएची गाठ डावीकडे होती.

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्याइतकं कोणी कोणाला जपलं नसेल. माझी विनंती वेगळी आहे. गेलेल्या माणसाची वस्तू छातीशी धरण्याआधी ती एकदा उलटी करून बघा, आणि ती कशासाठी केली होती ते विचारा. आणि तुमच्या घरात कोणाचं दुखणं असं झाकलेलं असेल, तर ते माणूस जिवंत असतानाच बोला. मला बोलता येत नव्हतं. त्यांना सगळ्यांना येत होतं.

आता चर्चची घंटा होते आहे. आत्या मला बांधायला येईल. खिशात गोळ्या भरलेल्याच आहेत.