कोऱ्या बाजूचं कव्हर

“कात्री कुठे ठेवलीत हो?” रत्नप्रभाने आतून विचारलं.

“टीव्हीखाली बघ. आणि दत्ताराम येतोय पत्ते खेळायला, चहा जरा जास्त टाक,” शिवदास म्हणाला. “काय कापतेयस?”

“पुस्तकाला कव्हर घालतेय.”

“वा! परत कॉलेजात नाव घातलंस की काय?”

नवऱ्याच्या विनोदावर ती हसली नाही. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान तिने कोरी बाजू बाहेर येईल असं दुमडलं, टोकांना चिकटपट्टी लावली. मुखपृष्ठावरचं ‘पैगंबर’ दिसेनासं झालं, तेव्हाच पुस्तक टीपॉयवर ठेवलं. शिवदासने तसं सांगितलं नव्हतं. दत्ताराम अजून जिनाही चढला नव्हता. पण त्याने नाव वाचलं की सकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळणार, हे तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं.

पुस्तक तसनीमचं. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रत्नप्रभा मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघायची, तसनीम पेशंटचं रक्त घ्यायची. तसनीम मूळची खेडची. “अब्बांचं आहे ताई, मराठीतच आहे. बोअर झालं तर खुशाल परत द्या,” असं म्हणून तिने ते दिलं होतं.

बोअर झालं नाही. लेखक आजचा होता. एखादी हकीकत कुणी सांगितली, केव्हा लिहिली गेली, तिच्यावर किती भरवसा ठेवावा, हे तो सांगत जाई. प्रत्येक स्लाइड दोनदा बघणाऱ्या रत्नप्रभाला ती रीत आवडली. पोरके वाढलेले, व्यापारात सचोटीने नाव कमावलेले, स्वतःचे जोडे स्वतः शिवणारे पैगंबर तिला नवेच होते. इतकी वर्षं शेजारी डबा खाऊन तिने तसनीमला यातलं काही विचारलं नव्हतं.

एका पानावर ती थांबली. पैगंबरांचा तान्हा मुलगा गेला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, सूर्यालाही दुःख झालं. ऐकून गप्प राहता आलं असतं. पण नुकतंच मूल पुरलेल्या त्या बापाने लोकांना सांगितलं, की ग्रहण कुणाच्या मरणाने लागत नसतं.

रत्नप्रभाची पहिली मुलगी चार महिन्यांची होऊन गेली होती. हृदयाला भोक होतं. “सातव्यात ग्रहण लागलेलं आणि ही बटण शिवत बसली,” असं सासूबाई येईल त्याला सांगायच्या. बाळाचं हृदय दुसऱ्या महिन्यातच घडून गेलेलं असतं, हे बी.एस्सी. झालेल्या रत्नप्रभाला पक्कं ठाऊक होतं. सासूबाई जाईपर्यंत तिने ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

सोमवारी डबा उघडताना तिने पुस्तक परत केलं.

“अय्या, कव्हर!” तसनीमने हात पुसून ते घेतलं. “एका मैत्रिणीला दिलेलं, तर बाईने आतमध्ये हळद लावून परत केलं. अब्बा बघायला हवे होते. ते म्हणायचे, पुस्तक कसं ठेवलंय बघा, माणूस कळतो.” कोऱ्या कागदावरून तिने तळवा फिरवला. “किती जपलंत, ताई.”

रत्नप्रभाचे कान तापले. मान डोलावली की झालं, एवढंच काम होतं. तिने घास डब्यात ठेवला.

“जपायला नव्हतं गं घातलं,” ती म्हणाली. “घरी लोक येतात. नाव दिसू नये म्हणून घातलं.”

रत्नप्रभाने घाईने पुस्तक ओढून घेतलं आणि नखाने एका कोपऱ्याची चिकटपट्टी उचकटली.

“राहू दे ना.” तसनीमने पुस्तक हळूच तिच्या हातातून काढून घेतलं. सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. “काढू नका, ताई. बसमध्ये वाचायला मलापण बरं पडेल.”

ती नेहमीसारखीच बोलली. पुस्तक पर्समध्ये टाकून तिने लोणच्याची डबी पुढे सरकवली.

दुपारी रत्नप्रभा मायक्रोस्कोपवर बसली. चिकटपट्टीचा तुकडा बोटाला तसाच राहिला होता. फोकसचं चाक फिरवताना तो सारखा अडत होता.